बालकांचा रक्तक्षय : केवळ लोहाचा प्रश्न नव्हे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांतील एका आकड्याने शासनाला आणि शासनाच्या टीकाकारांना सारखेच बुचकळ्यात टाकले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय बालकांत रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा ५८.६ होते, २०१९-२१ मध्ये ते शेकडा ६७.१ झाले. महाराष्ट्रात ते ५३.८ वरून ६८.९ वर गेले, म्हणजे स्वतःला पुढारलेले म्हणवणारे हे राज्य देशाच्या सरासरीच्याही मागे पडले. हे घडले तेही अशा काळात, की ज्याच्या मध्यावर, २०१८ साली, 'ॲनिमिया मुक्त भारत' या नावाची मोहीम सुरू झाली होती आणि दर वर्षी तीन टक्क्यांनी रक्तक्षय कमी करण्याचा संकल्प सोडण्यात आला होता. लोहाचे औषध वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याहूनही जुना, १९७० सालचा आहे. अर्धशतकाहून अधिक काळ गोळ्या आणि बाटल्या वाटूनही तीन बालकांपैकी दोघांच्या अंगात रक्त कमीच असेल, तर दोष वाटपात आहे की वाटपामागील समजुतीत, हे तपासावयास हवे.

या आकड्यांवर उठलेली चर्चा मात्र ठरीव वळणाने गेली. एका पक्षाने म्हटले, मोजमापच चुकीचे आहे. बोट टोचून काढलेल्या थेंबभर रक्तावरून निघणारा अंक विश्वासार्ह नसतो. या आक्षेपात तथ्य आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन तपासणी झाली, तेव्हा एक ते चार वर्षे वयाच्या बालकांत रक्तक्षयाचे प्रमाण शेकडा ४१ भरले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा दर डेसिलिटरला ११ ग्रॅमवरून १०.५ ग्रॅमवर आणली. अंक कसा काढला आणि रेषा कोठे ओढली यावर लाखो मुले 'आजारी' वा 'निरोगी' ठरतात, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दारिद्र्यरेषेच्या वादापासून परिचित आहे. परंतु रेषा कितीही खाली ओढली तरी शंभरातली चाळीस मुले ही काही समाधानाची गोष्ट नव्हे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की मोजमाप बरोबर आहे, औषध कमी पडते. तेव्हा सिरप वाढवा, तांदळातही लोह घाला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून सरकारी योजनांतील सर्व तांदूळ पोषणयुक्त करण्याची घोषणा झाली, ती याच विचारातून.

दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, आणि लोहाची कमतरता म्हणजे पोटात लोह न जाणे. या दोन समीकरणांपैकी पहिले अर्धवट खरे आहे. दुसरे तर, बालकांच्या बाबतीत, फारच अपुरे आहे. पोटात गेलेले लोह रक्तात उतरते की नाही, हे ठरवणारा एक पहारेकरी शरीरातच बसलेला असतो, आणि तो कोणत्या परिस्थितीत दार लावून घेतो हे गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्याच तपशिलाने कळले आहे. दार लावले जाण्याचे मुख्य कारण आहे दाह.

दाह हा शब्द येथे वैद्यकातील अर्थाने घ्यावयाचा. जखम लाल होते, सुजते, तापते, तो दाह डोळ्यांना दिसतो. पण सर्दी, खोकला, कान फुटणे, हगवण, हिवताप, जंत, किंवा नुसते वारंवार घाणीचे जंतू पोटात जाणे यांनीही शरीरात तीच प्रतिकाराची यंत्रणा जागी होते. बाहेरून मूल हिंडते-फिरते दिसते. आत मात्र मंद आचेवर भांडे चढलेले असते. दीर्घ संसर्ग झालेल्या रुग्णाच्या रक्तातील लोह नाहीसे होते आणि तरीही ते शरीराबाहेर गेलेले नसते, हे कोडे अमेरिकेतील कार्टराइट आणि विंट्रोब या वैद्यकशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकातच नोंदले होते. उत्तर सापडण्यास आणखी अर्धशतक लागले. २००० सालाच्या सुमारास यकृतात तयार होणाऱ्या 'हेप्सिडिन' या संप्रेरकाचा शोध लागला आणि २००४ पर्यंत त्याचे काम उलगडले.

ते काम असे. लहान आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात जावयाचे तर त्याला एकच वाट असते, 'फेरोपोर्टिन' नावाच्या प्रथिनाची. जुन्या झालेल्या रक्तपेशी प्लीहेत आणि यकृतात मोडल्या जातात, त्यांतील लोह पुन्हा वापरासाठी रक्तात सोडणाऱ्या भक्षकपेशींनाही हीच वाट लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह या पुनर्वापरातून मिळते आणि अन्नातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. हेप्सिडिन वाढले की ते फेरोपोर्टिनला जखडते आणि नष्ट करते. दोन्ही वाटा एकदम बंद होतात. अन्नातील लोह आतड्याच्या पेशींत अडकून पडते आणि त्या पेशी तीन-चार दिवसांत झडल्या की शौचावाटे निघून जाते. साठ्यातील लोह साठ्यातच राहते. अस्थिमज्जेला मात्र नव्या रक्तपेशी घडवण्यासाठी कच्चा माल मिळत नाही. गोदामे धान्याने भरलेली असावीत आणि रास्तभाव दुकानाच्या फळीवर दाणा नसावा, अशातला हा प्रकार. ज्यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांतील टंचाई पाहिली आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

फरक इतकाच, की शरीर ही साठेबाजी नफ्यासाठी करीत नाही. जंतूंनाही वाढण्यासाठी लोह लागते. संसर्ग झाला की लोह दडवून ठेवणे, ही शत्रूची रसद तोडण्याची रीत आहे आणि ती फार प्राचीन आहे. आठ दिवसांच्या आजारात ती शहाणपणाची ठरते. पण ज्या मुलाचा एक आजार संपण्याआधी दुसरा सुरू होतो, त्याच्या बाबतीत तात्पुरती नाकेबंदी कायमची होऊन बसते. मूल जंतूंपासून वाचते, पण त्याची किंमत रक्ताने मोजते.

ही किंमत कोणत्या वयात मोजावी लागते तेही पाहिले पाहिजे. बालक जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण चार ते सहा महिने पुरते. आईच कृश आणि रक्तक्षीण असेल, मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, किंवा जन्मताच घाईने नाळ कापली गेली असेल, तर ती शिदोरी लवकर संपते. (नाळ कापण्यास निदान एक मिनिट थांबावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाळण्यास दमडीही लागत नाही.) सहाव्या महिन्यानंतर वाढ जोरात असते, लोहाची गरज मोठी असते, आणि वरचे अन्न म्हणून मिळते ते भाताची पेज, वरणाचे पाणी, फार तर दुधात कुस्करलेली भाकरी. अशा अन्नात लोह थोडे, आणि जे असते त्याच्या शंभर भागांतले दहा भागही अंगी लागत नाहीत. नेमक्या याच वयात मूल रांगू लागते, जमिनीवरचे सापडेल ते तोंडात घालते आणि आजारांची मालिका सुरू होते. म्हणजे लोहाची आवक सर्वांत कमी, गरज सर्वांत अधिक आणि दार वारंवार बंद, या तिन्ही गोष्टी सहा महिने ते दोन वर्षे या एकाच अवधीत एकत्र येतात. रक्तक्षयही याच वयात सर्वाधिक आढळतो. या अवस्थेला केवळ 'आहाराची कमतरता' म्हणणे म्हणजे तीन सावकारांच्या कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याच्या दैन्याला एकाच सावकाराचे नाव देणे होय.

आफ्रिकेतील गॅम्बिया या छोट्या देशातील ग्रामीण बालकांवर दीर्घकाळ झालेल्या संशोधनाने या चित्रात एक अनपेक्षित रंग भरला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की या बालकांत हेप्सिडिन वाढवून लोहाचे शोषण रोखणारा मुख्य घटक पोटाचे विकार नसून श्वसनमार्गाचे किरकोळ संसर्ग हा आहे. ज्यासाठी आई मुलाला दवाखान्यात नेणार नाही, अंगणवाडी सेविका नोंद करणार नाही, असे नाक गळणे आणि खोकणे! एरवी ज्याकडे दुर्लक्ष होते तेवढा सौम्य दाहही लोहाचे दार लावण्यास पुरेसा ठरतो, हे त्या अभ्यासाचे म्हणणे. ते मान्य केले तर प्रश्न केवळ शौचालयापाशी थांबत नाही. तो घरातील हवेपाशी, खोलीत किती माणसे झोपतात त्यापाशी आणि चुलीच्या धुरापाशी येऊन पोहोचतो.

धुराबाबतचा पुरावा तर आपल्याच देशातला आहे. १९९८-९९ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील सहा ते पस्तीस महिन्यांच्या सुमारे तीस हजार बालकांची माहिती घेऊन विनोद मिश्रा आणि रॉबर्ट रेदरफोर्ड यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की ज्या घरांत लाकूड, शेण्या, काटक्याकुटक्या यांवरच स्वयंपाक होतो त्या घरांतील मुलांत मध्यम ते तीव्र रक्तक्षयाचा धोका लक्षणीय अधिक असतो, आणि घरची सांपत्तिक स्थिती, आईचे शिक्षण वगैरे गोष्टींचा परिणाम वजा केल्यावरही तो अधिकच राहतो. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण धुराने श्वासनलिकेचा दाह होतो हे निर्विवाद आहे, आणि दाहाने लोह अडते हेही. पुढे उज्ज्वला योजनेतून लक्षावधी घरांत गॅसची शेगडी पोहोचली. पण सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडत नसेल तर शेगडी कोपऱ्यात आणि चूल जागेवर, हे दृश्य महाराष्ट्राच्या कोणत्याही कोरडवाहू तालुक्यात पाहावयास मिळते. इंधनाच्या किमतीचा बालकाच्या हिमोग्लोबिनशी काही संबंध असेल, असे अर्थसंकल्पावरील कोणत्या भाषणात ऐकू आले आहे?

आता आकड्यांच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. रक्तक्षयापैकी निम्मा लोहाच्या कमतरतेमुळे असतो, असे दीर्घकाळ जगभर धरून चालले जात असे. वीसहून अधिक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला त्यात शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील बालकांत हे प्रमाण सुमारे शेकडा २५ इतकेच निघाले. आणि जेथे दाहाचे प्रमाण फार, तेथे त्याहूनही कमी. भारताच्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात मात्र एक ते चार वर्षे वयाच्या मुलांत लोहाची कमतरता शेकडा ३२ मुलांत होती आणि दाहामुळे होणारा रक्तक्षय म्हणून जो गट वेगळा काढण्यात आला तो लहानच होता. या दाखल्यावरून काही जण म्हणतील, की भारतात लोह हेच मुख्य कारण आहे; दाहाची चर्चा आफ्रिकेने करावी.

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. त्यातील खोच हिशेबाच्या पद्धतीत आहे. पाहणीत मुलाचे रक्त एकाच दिवशी घेतले जाते. त्या दिवशी त्याच्या रक्तात दाहदर्शक प्रथिन ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तरच त्याचा रक्तक्षय दाहाच्या खात्यावर पडतो. गेल्या महिन्यातील खोकला, त्याच्या आधीची हगवण, आणि मर्यादेच्या खाली धुमसणारा सौम्य दाह यांची कोठेही नोंद नाही. पण त्या प्रत्येक आजारात आठ-दहा दिवस लोहाचे दार बंद राहिले असेल, तर वर्षाअखेरीस त्या मुलाच्या शरीरात लोह खरोखरच कमी असेल. मग पाहणी म्हणते, 'लोहाची कमतरता'. निदान खोटे नाही. पण कमतरता कशाने आली ते निदान सांगत नाही. दाहाने केलेला खर्च लोहाच्या खात्यावर मांडला गेला आहे, इतकेच. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन हे प्रथिन तर दाह असताना स्वतःच वाढते, त्यामुळे उलट दिशेची फसगतही होते : साठा रिता असलेले मूल आजारपणात 'भरल्या घरचे' दिसते. म्हणूनच बालकांत फेरिटिनची एरवीची मर्यादा लिटरला १२ मायक्रोग्रॅम आणि संसर्ग असताना ३० मायक्रोग्रॅम अशी दोन मापे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवली आहेत. दोन कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली असताना 'लोह की दाह' असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे.

दार बंद असताना लोह लोटत राहिल्यास काय होते, याचा धडा टांझानियातील पेंबा बेटावर मिळाला. तेथे हिवतापाचे थैमान असते. एक ते पस्तीस महिन्यांच्या सुमारे चोवीस हजार बालकांवर झालेल्या प्रयोगात रोज लोह आणि फॉलिक आम्ल मिळालेल्या बालकांत मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल करण्याजोगे गंभीर आजारपण यांचे प्रमाण शेकडा १२ ने अधिक आढळले. प्रयोगातील लोह देण्याचा भाग २००३ मध्ये थांबवावा लागला. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पोषणशास्त्राच्या वर्तुळात मोठी खळबळ उडाली. मात्र त्याच वेळी दक्षिण नेपाळात, जेथे हिवताप जवळजवळ नव्हता, तेच औषध दिलेल्या बालकांत मृत्यू वाढले नाहीत. पेंबावरही ज्या मुलांत खरोखर लोहाची कमतरता होती आणि ज्यांच्या हिवतापावर वेळेवर उपचार झाले, त्यांना लोहाचा लाभच झाला. औषध तेच, मात्रा तीच. निकाल ठरला तो भोवतालच्या रोगराईवर आणि दवाखान्यावर. महाराष्ट्रात गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात लोहाची बाटली पोहोचवताना मच्छरदाणी आणि रक्ततपासणी तिच्या आधी पोहोचली पाहिजे, असा याचा साधा अर्थ आहे.

न शोषलेले लोह आतड्यात पडून राहिले तर तेथील जंतूंना ते पर्वणीच ठरते. केनियातील अर्भकांना लोहयुक्त भुकटी दिली असता त्यांच्या आतड्यातील अपायकारक जंतू वाढले आणि आतड्याचा दाहही वाढला, हे २०१५ मध्ये दिसून आले. दाह कमी करण्याऐवजी वाढवणारे औषध, आणि त्या वाढलेल्या दाहाने पुन्हा लोहाला मज्जाव. या चक्रात सापडणारी मुले कोणाची, हे सांगावयास नको. स्वच्छ पाण्याच्या नळाशेजारी वाढणाऱ्या मुलाला तेच सिरप गुण देते. येथेच हा वैद्यकीय प्रश्न वर्गाचा प्रश्न होतो.

इतके वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की मग लोह वाटणे बंदच करावे. हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, पण धोक्याचाही आहे. कारण तो उचलून धरणारे लोक सामाजिक खर्चावर कात्री चालवण्यासाठी सदैव टपलेले असतात. बांगलादेशात आठ महिन्यांच्या ३,३०० बालकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन महिने लोह दिल्यावर रक्तक्षय निश्चित कमी झाला. (बौद्धिक विकासात मात्र फरक आढळला नाही, ही दुसरी आणि निराळी निराशा.) म्हणजे दार सदासर्वकाळ बंद नसते; दोन आजारांमधल्या अवधीत ते उघडते, आणि तेव्हा पोटात लोह असणे अगत्याचे असते. भारतातील बालकांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप, त्यातून वीस मिलिग्रॅम लोह, हा जो क्रम ठरला आहे तो मोडण्याचे कारण नाही. त्याने एकट्याने काम होईल, ही अपेक्षा मोडावयास हवी.

तांदळाची गोष्ट वेगळी. लोहमिश्रित तांदळाने रक्तक्षयाच्या धोक्यात फारसा फरक पडत नाही, असे कोक्रेन या संस्थेच्या २०१९ मधील आढाव्यात म्हटले होते. त्यानंतर दोन वर्षांनी लाल किल्ल्यावरील घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत वाढवली, तीही संपूर्णपणे केंद्राच्या खर्चाने. वर्षाचे मूल भात खाते किती? दोन-चार घास. ज्या वयात रक्तक्षय सर्वाधिक त्या वयाला ज्या उपायाचा सर्वांत कमी स्पर्श होतो तोच उपाय सर्वांत मोठ्या प्रमाणावर का स्वीकारला जातो, याचे उत्तर पोषणशास्त्रात मिळणार नाही. तांदळाचे दाणे कारखान्यात बनतात, त्यांची निविदा निघते, त्यांचा टनावारी हिशेब देता येतो. गटाराची निविदाही निघते म्हणा; पण गटार बांधून झाल्यावर ते वाहते ठेवावे लागते, आणि त्याचे छायाचित्र चांगले येत नाही! उलट ज्या अन्नाने मूल धरते, त्या अंड्यासाठी पैसे नसतात. शालेय आहारातील अंड्यांसाठीचा निधी महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला, हे ताजे उदाहरण.

आणखी एक गैरसमज आपल्या बाजूचाही दूर केला पाहिजे. दाह हे कारण असेल तर शौचालये बांधली की काम झाले, असे कार्यकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. झिंबाब्वेतील ग्रामीण भागात हा प्रयोग काटेकोरपणे झाला. काही गावांत शौचालय, हात धुण्याची सोय आणि पाणी शुद्ध करण्याचे द्रावण दिले, काही गावांत बालकांसाठी पूरक आहार दिला, काही ठिकाणी दोन्ही. २०१९ मध्ये जाहीर झालेला निकाल असा, की पूरक आहाराने मुलांची उंची आणि हिमोग्लोबिन थोडेसे वाढले. शौचालयाने आणि हात धुण्याने यांपैकी काहीही साधले नाही. या निकालाने अनेकांचा हिरमोड झाला. परंतु अंगणात कोंबड्या-शेळ्या, पाणी दूरवरून डोक्यावर आणलेले, रांगण्याची जमीन मातीची, अशा घराला एक खड्ड्याचा संडास जोडून दिल्याने जंतूंचा मारा कितीसा कमी होणार होता? युरोपातील शहरांनी एकोणिसाव्या शतकात मुलांचे मरण रोखले ते घरोघर संडास वाटून नव्हे, तर नळाचे शुद्ध पाणी, भूमिगत गटारे आणि राहती घरे सुधारून, आणि तेही नगरपालिकांच्या खजिन्यातून. अर्धामुर्धा उपाय फसला म्हणून मूळ निदान खोटे ठरत नाही. परिसर सुधारला की आतडे सुधारते, याचा पुरावा फार पूर्वीचा आहे. तत्कालीन पूर्व पाकिस्तानात राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यांची शोषणशक्ती तेथे असताना घटलेली आढळली होती, आणि मायदेशी परतल्यावर ती हळूहळू पूर्ववत झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी दक्षिण भारतीय खेडुतांत आतड्याचे हेच बदल अभ्यासले. स्वयंसेवकांना परतण्यास मायदेश होता. खेडुतांना तोच मायदेश होता.

महाराष्ट्रात या सगळ्याची कसोटी पाहावयाची तर ऊसतोडणी कामगारांच्या तांड्यावर पाहावी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघालेली कुटुंबे चार-पाच महिने कारखान्याच्या परिसरात कोपी उभारून राहतात. कोपीत चूल पेटते तेव्हा धूर जाण्यास वाट नसते. पाणी कालव्याचे किंवा शेतातल्या विहिरीचे. आई पहाटेच फडात जाते आणि तान्हे मूल फडाच्या बांधावर किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या काखेत. गावच्या अंगणवाडीत नाव आहे पण मूल नाही; जेथे मूल आहे तेथील अंगणवाडीत नाव नाही. लोहाची बाटली, लसीकरणाचा डोस, जंतनाशकाची गोळी या तिन्ही गोष्टी चुकण्याचा हाच हंगाम, आणि धूर, थंडी, खोकला, हगवण यांचाही हाच. या मुलाला परत आल्यावर सिरपच्या दोन बाटल्या एकदम देऊन हिशेब पुरा करता येणार नाही.

राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाचे मोजमाप वगळण्यात आले, आणि ते काम आहार व जैविक निर्देशकांच्या वेगळ्या पाहणीकडे सोपवण्यात आले. शिरेतील रक्त तपासले जाणार असेल तर ते स्वागतार्हच आहे. मात्र ही पाहणी प्रत्येक बालकाचे फेरिटिन आणि दाहदर्शक प्रथिने एकत्र मोजून, कोणत्या वस्तीत, कोणत्या इंधनावर, कोणत्या पाण्यावर वाढणाऱ्या मुलाची काय अवस्था आहे हे तालिकांत मांडणार काय, हा प्रश्न संसदेत आणि विधिमंडळात विचारला गेला पाहिजे. शेकडा इतके मुलांना लोह कमी, एवढ्या एका ओळीने पुन्हा एकदा निविदाच निघतील.

ज्या तालुक्यांत पक्षाचे काम ऊसतोडणी मजुरांत आहे तेथील कार्यकर्त्यांना गाळप हंगाम सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. टोळ्या कारखान्यावर पोहोचताच दोन वर्षांखालील मुलांची नावे तेथील अंगणवाडीत लावून घेणे, कोप्यांना नळाचे पाणी आणि धुराविना स्वयंपाकाची सोय ही कारखान्याची जबाबदारी म्हणून करारात लिहून घेणे, आणि फिरत्या पथकाने बाटली देण्यापूर्वी मुलाचा ताप आणि छाती तपासावी असा आग्रह धरणे, या तीन मागण्या मुकादमांच्या उचलीची बोलणी सुरू होतात त्याच वेळी, म्हणजे पावसाळ्यातच, पुढे ठेवता येतील.